एक सीट यायची आहे

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सिटी बसचे ड्रायव्हर. वेळेचे इतके पक्के, की गाडीमागे पळत येणाऱ्या माणसाचा त्यांना तिटकारा. एकदा मीच दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावत होते. त्यांनी मला आरशात बघितलं आणि गाडी सोडली. संध्याकाळी वर तोंड करून म्हणतात, "मेव्हणीसाठी थांबलो, तर उद्या सगळा गाव माझी मेव्हणी होईल." महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

असा हा माणूस रविवारी सकाळी मात्र एका मुलीपुढे नांगी टाकायचा.

रविवारचा नाश्ता दाजींचा. बिडाच्या तव्यात लोण्यावर सफरचंदाच्या फोडी परतायच्या, अंडी-दूध-मैदा फेटून वर ओतायचं आणि तवा ओव्हनमध्ये सारायचा. पॅनकेक आत असा फुगतो, की कडा तव्याबाहेर डोकावतात. पण बाहेर काढला, की बघता बघता बसतो. म्हणून घरचा नियम असा, की सगळे टेबलाशी आल्याशिवाय ओव्हन उघडायचा नाही. आधी फुगलेला बघायचा, मग खायचा. मी एकटी, दोन गल्ल्या पलीकडे राहते. रविवारी माझी खुर्ची तिथं ठरलेली.

चौथी खुर्ची कायम रिकामी, कारण त्यांची लेक, माझी भाची, बाथरूममध्ये. तिला आम्ही गोगलगायच म्हणायचो. नोकरीला लागली तरी फरक नाही. दाजी फडकं घेऊन ओव्हनपाशी उभे राहायचे. "सोडू का गाडी?" ताई कंडक्टरच्या थाटात म्हणायची, "थांबा, एक सीट यायची आहे." मग ओले केस टॉवेलात गुंडाळून स्वारी हजर व्हायची. ताई ताटलीवर दोनदा चमचा वाजवायची. ती डबल बेल. दार उघडायचं. कडा थोड्या करपलेल्या असायच्याच. दाजी कुरकुरायचे, पण तिच्यावाचून त्यांनी कधी उघडलं नाही.

या हिवाळ्यात तिला ताप आला, मेंदूत गेला, आणि आठवडा व्हायच्या आत ती गेली. जन्मात कशाची घाई न केलेली मुलगी. मला अजून तिचा राग येतो.

दाजी कामावर परत गेले. पण लांबून कुणी मुलगी पळत येताना दिसली, की ते गाडी उभी ठेवतात, प्रवासी बडबडले तरी ऐकत नाहीत, असं ताईच्या कानावर आलं. घरी ते जेवणापुरतं तोंड उघडायचे. डोळ्यांतून टिपूस नाही. ओव्हनकडे तर बघायचेही नाहीत.

एका रविवारी ताईनं मला बोलावून घेतलं. "आज करायलाच लावते त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर ते असेच दगड होऊन बसतील, आणि मग मी कुणाकडे बघू?"

तिनं सफरचंदं चिरून पुढ्यात ठेवली. दाजींनी मुकाट्यानं पीठ फेटलं. तवा आत गेला. आम्ही दोघी बसलो, ते फडकं घेऊन उभे राहिले. काचेतून पॅनकेक फुगलेला दिसत होता. ताईनं ताटलीवर दोनदा चमचा वाजवला. दाजी हलले नाहीत. तिनं पुन्हा वाजवला.

"एक सीट यायची आहे," दाजी म्हणाले.

करपल्याचा वास सुटला. मी उठायला लागले, तर ताईनं माझा हात दाबला. मग स्वतः उठून त्यांच्याजवळ गेली.

"ती मागे नाही राहिलेली," ती म्हणाली. "पुढं गेलीये हो ती. उघडा आता."

दाजींनी फडकं हाताला गुंडाळलं. मग त्यांनी दार उघडलं. धूर आला. काळा पडलेला पॅनकेक तव्यात हळूहळू बसत गेला, आणि दाजी तिथंच फरशीवर बसून ओक्साबोक्शी रडले. ताई त्यांना धरून बसली. मी करपलेला भाग खरवडून काढला आणि उरलेल्याचे तीन वाटे केले.