बिशपांसाठी पाठ केलेली उत्तरं

आमच्या गावची शाळा चर्चच्या पडवीत भरत असे. ती पाद्रींनी सुरू केली आणि सरकारी ग्रँटवर चालू राहिली. ग्रँट दर वर्षी दिपोटींच्या, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या, शेऱ्यावर मिळे. मागच्या वर्षीचा शेरा वाईट होता. या वर्षी तसाच पडला तर शाळा बंद होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

सर्वांत जास्त मास्तरांना. शाळा गेली तर त्यांना सासऱ्यांच्या मिठागरावर कामाला जावं लागणार होतं, आणि सासरे त्याचीच वाट पाहत होते. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की ते चारचौघांत विचारत, "काय जावईबापू, पाट्या पुसून झाल्या का न्हाय? फावडा वाट बघतोय."

त्या वर्षी मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला बिशप येणार होते. त्याआधी ते धर्मशिक्षणाचे प्रश्न विचारणार, आणि पुस्तकातल्या क्रमानंच विचारणार, असं मास्तरांनी कुठूनसं ऐकलं होतं. त्यांनी आम्हाला क्रमानं बसवलं आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. ते चोख पाठ करायचं, शेजाऱ्याच्या उत्तरात नाक खुपसायचं नाही. पाद्रींना याची कल्पना नव्हती. सगळ्यांना सगळं येतं अशी त्यांची समजूत होती. तालमीत मास्तर स्वतः बिशप होत आणि अंगठी म्हणून पडद्याची कडी बोटात घालून हात पुढे करत. आम्ही गुडघे टेकून कडीचं चुंबन घेत असू.

बिशप कुणी पाहिलेले नव्हते. ते शिडाच्या मचव्यातून येतील, भारी पोशाख असेल आणि बोटात अंगठी असेल, एवढंच ठाऊक होतं.

दिपोटी सांगितल्या दिवसाच्या आधीच आले. मचव्यातून आले. डोक्याला लाल पगडी, अंगात गुडघ्यापर्यंत काळा कोट, बोटात नवरत्नाची अंगठी. मास्तर विहिरीवर होते. सगळी शाळा गुडघ्यांवर आली आणि पहिल्या जागेवरच्या मुलानं त्यांचा हात धरला. दिपोटींनी तो झटक्यानं मागे घेतला आणि आधी अंगठी जागेवर आहे ना ते पाहिलं. मुलगा गुडघ्यांवरच त्यांच्या मागे सरकत गेला.

"अरे, उठा! हे काय चाललंय?"

पाद्री आणि मास्तर दोन दिशांनी धावत आले. मास्तरांच्या हातात पोहरा तसाच होता. साहेबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मास्तरांना खुलासा करायला सवड मिळाली नाही. तपासणी सुरू झाली.

"ही शाळा कोणी बांधली?" साहेबांनी पहिल्याला विचारलं.

"परमेश्वरानं."

शाळा पाद्रींनी बांधली होती. त्यांनी नम्रपणे मान खाली घातली.

"पाच आणि चार किती?" दुसऱ्याला विचारलं.

"देव एक, पण जण तीन."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अलिबाग कुठं आहे?"

"आकाशात, पृथ्वीवर आणि सर्व ठिकाणी," तिसरा म्हणाला.

चौथा मी होतो. मला विचारलं, "आठवड्याचे वार किती?" माझं उत्तर चर्चच्या संस्कारांच्या संख्येचं होतं. मी म्हणालो, "सात." त्या दिवशी शाळेत बरोबर आलेलं उत्तर हे एकच.

पाद्रींना राहवलं नाही. "साहेब, यांची तयारी बिशपांसाठी होती. धर्माचं यांना सगळं येतं. विचारून पाहा."

साहेबांनी पुस्तक मागवलं, मधलंच पान उघडलं आणि पहिल्याला दहा आज्ञा विचारल्या.

"परमेश्वरानं," तो म्हणाला.

पाद्रींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पोहऱ्यात पाहत होते.

"एकेकाला एकेकच?" पाद्री हळूच म्हणाले. "मास्तर, बिशपांनापण?"

"क्रमानं विचारतात म्हणून ऐकलेलं, फादर."

आता शाळा गेली, असं आम्हाला वाटलं. मास्तरांनाही वाटलं असावं. त्यांनी पोहरा खाली ठेवला. पण साहेब हसू दाबत होते. ते पाद्रींना म्हणाले, "फादर, रागावू नका. आमच्या सरकारी शाळांतही हेच चालतं. तिथं मुलं आपला नंबरही विसरतात." मग मास्तरांना म्हणाले, "महिन्यानं येतो. मुलं कशीही बसवीन, कुणालाही काहीही विचारीन. मग शेरा लिहू."

तो महिना आमच्या आयुष्यातला सर्वांत वाईट गेला. प्रत्येकाला सगळं पाठ करावं लागलं. पाढे, नद्या, जिल्हे, आज्ञा. मास्तर शिकवताना मधूनच मिठागरांच्या दिशेनं पाहत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. आम्ही उभे राहिलो. गुडघे कुणी टेकले नाहीत. त्यांनी जागा बदलल्या नाहीत की प्रश्न विचारला नाही. आमच्या तोंडांकडे पाहिलं, चहा घेतला, चांगला शेरा लिहिला आणि ओहोटी लागायच्या आत निघाले. मास्तर पडवीच्या पायरीवर मटकन बसले आणि त्यांनी तोंडावरून उपरणं फिरवलं.

पहिल्या जागेवरचा मुलगा मात्र मचव्यामागे कमरेएवढ्या पाण्यात शिरला होता. तो ओरडत होता, "साहेब, मना काय इचारलाच न्हाय! सात नव्वे त्रेसष्ट! ओ साहेब!"