मागच्या चाकांवरचं वजन

हिलाल गाडीशी बोलायचा. म्हणजे बोलायचा तो एकटाच, गाडी ऐकून घ्यायची. बायको रंजना म्हणे, माझ्याशी दिवसभरात दोन शब्द नाहीत आणि या पत्र्याच्या डब्याशी पहाटेपासून गप्पा. त्यावर हिलालचं उत्तर ठरलेलं. डबा उलटून बोलत नाही.

माणूस मूळचा पारोळ्याकडचा. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आला आणि कतारगामात एका कारखान्यात लूमवर उभा राहिला. त्या खडखडाटानं त्याचा डावा कान अर्धा खाल्ला. तेव्हापासून कुणी हळू बोललं की हिलाल मान डावीकडे फिरवून उजवा कान पुढं करी, आणि अनोळखी माणसाला वाटे, हा रुसला की काय. लूम सुटलं, हातात स्टिअरिंग आलं. पुढं स्वतःची व्हॅन झाली. पलसाण्याच्या मिलमधून साड्यांची पार्सलं उचलायची आणि मार्केटात टाकायची, हा धंदा.

आता या व्हॅनची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, पण जोर मागच्या चाकांना. मागं माल असला तर गाडी घोरपडीसारखी रस्ता धरून चाले. रिकामी असली आणि रस्ता ओला असला की शेपूट हलवायला लागे. हिलालला यात नवल वाटत नसे. त्याच्या बापाची बैलगाडी होती, आणि बापानं त्याला अक्षरांच्या आधी उलाळ आणि धुराळ शिकवलं होतं. ओझं मागं जास्त झालं तर जू वर उचलतं, ती उलाळ. पुढं जास्त झालं तर बैलांच्या मानेवर बसतं, ती धुराळ. गाडी म्हणजे निम्मं ओझं आणि निम्मं ते कुठं ठेवलंय, असं बाप म्हणे.

एका पावसाळ्यात पलसाण्याच्या सर्व्हिस रोडवर चिखलात सगळ्या गाड्या रुतून बसल्या होत्या. बाकीचे ड्रायव्हर गाडी हलकी करायला माल उतरवत होते. हिलालनं उलटं केलं. निंबा आणि हमाल, सगळ्यांना मागं पार्सलांवर बसवलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये, न गुरगुरता, अलगद बाहेर काढली. निंबा म्हणजे त्याचा जोडीदार ड्रायव्हर, बोलण्यात वस्ताद. पुढं कित्येक महिने तो सांगत फिरला की हिलालदादाच्या गाडीला डिझेल-पेट्रोल काही लागत नाही, मागं चार कुल्हे टेकवले की चालते.

असा हा हिलाल. वजन कुठं हवं हे त्याला झोपेतही समजत होतं. म्हणूनच जे झालं ते मनाला लागतं.

त्याची थोरली बहीण प्रमिलाबाई त्याच चाळीत दोन दारं सोडून राहायची. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा गोपाळ, त्याला हिलालनंच हाताशी धरून मोठं केलं. गोपाळ सुरतेजवळच्या सचिन वसाहतीत भरतकामाच्या मशीनचा मेकॅनिक झाला. सुरतेत मशीन बसवायला शिकलेल्या पोरांना बाहेरून बोलावणी येतात. त्या हिवाळ्यात त्याला कुलूच्या वरच्या अंगाच्या एका गावातून बोलावणं आलं. शालींच्या कारखान्यात दोन मशीनं बसवायची होती. प्रमिलाबाईनं त्याला स्वेटर दिला, वर मामानं स्वतःची मफलर दिली. त्यापेक्षा जास्त थंडी सुरतेच्या माणसाच्या कल्पनेत मावत नाही.

तिथल्या थंडीनं गोपाळ घाबरला असावा. खोलीची दारं-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी आत घेऊन झोपला. सकाळी उठलाच नाही.

कारखान्याच्या मालकाचा फोन हिलालला आला. उजव्या कानाला लावून त्यानं सगळं दोनदा सांगायला लावलं. कागदपत्रं होत आहेत, दवाखान्यात ठेवलंय, थंडी आहे म्हणून ठेवता येतं. पण पुन्हा बर्फ पडणार आहे, रस्ता बंद झाला तर आम्हालाच इथं उरकावं लागेल. आईला आणायचं असेल तर लगेच निघा.

आपल्याकडे रीत आहे. आईला मेल्याचं सांगत नाहीत. तब्येत जास्त आहे म्हणतात, आणि पोचवतात. हिलालनंही तेच केलं. गोपाळ आजारी आहे, दवाखान्यात आहे, आपण त्याला घेऊन येऊ. धुक्यानं उत्तरेच्या रेल्वेगाड्या उलटसुलट झालेल्या, तेव्हा आपलीच व्हॅन काढू, निंबा सोबतीला.

खोटं एकदा बोललं की त्याला जागा करून द्यावी लागते. प्रमिलाबाईनं विचारलं, आजारी माणूस एवढ्या लांबून बसून कसा येईल? हिलाल म्हणाला, झोपवून आणू. मग तिनं स्वतः उभं राहून व्हॅनची मागची सीट काढवली. भक्कम लोखंडी सांगाड्याची जड सीट. निंबानं आणि त्यानं ती उचलून चाळीच्या बोळात ठेवली. तिच्या जागी प्रमिलाबाईनं गोपाळची कापसाची गादी अंथरली, वर गोधडी, उशाला उशी. हिलाल बघत होता. मागच्या चाकांवरचं सगळं वजन निघून गेलंय, हे एरवी त्याला डोळे मिटूनही दिसलं असतं. त्या दिवशी त्याला फक्त ती उशी दिसत होती.

रंजनाला खरं माहीत होतं. तिनं डोळे पुसून वाटेची शिदोरी आणून दिली. भाकरी, ठेचा, कांदा. निंबानं व्हॅन सुरू केली आणि गाडी निघाली.

वाटेत प्रमिलाबाई बडोद्याच्या पुढं पहिल्यांदा जेवली. एक घास खाल्ला, थांबली, मग बाकीची भाकर पदरात गुंडाळून ठेवली. हिलालनं विचारलं तर म्हणाली, नंतर खाईन. त्यानंतर ती फारसं बोलली नाही. हिलालला वाटलं, काळजी. निंबा नेहमीप्रमाणे काही तरी बोलायला तोंड उघडी आणि मिटी. राजस्थान, हरियाणा, चंडीगढ, सगळं तसंच गेलं. दोघं आळीपाळीनं चालवत होते आणि मागं ती त्या गादीच्या कडेला, गादीला न टेकता, पत्र्यावर बसून होती. हिलाल गाडीशी एक शब्द बोलला नाही.

डोंगर सुरू झाले. नदीच्या कडेकडेनं रस्ता. कुलू मागं टाकलं, मग वरच्या गावाचा फाटा, आणि फाट्यापासून बर्फ. हिलालनं आयुष्यात बर्फ बघितला होता तो फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावरचा, भुशात गुंडाळलेला. हा रस्त्यावर पडलेला, चाकांनी दाबून काचेसारखा झालेला.

पहिल्या चढापर्यंत गाडी गेली. चढावर हिलालनं जरा जास्त रेस दिली आणि मागचा भाग एकदम उजवीकडे सरकला. हातातलं स्टिअरिंग सरळ होतं आणि गाडी आडवी. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली नदी. त्यानं ब्रेक दाबला, तशी ती आणखी घसरली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात मागचं चाक अडकून थांबली. निंबा उतरला, पाठीमागून ढकलू लागला. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, त्याच्या पँटवर चिखलाचं पाणी उडवत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ढगांनी डोंगर गिळायला सुरुवात केली होती. मालकाचा निरोप येऊन गेला होता की संध्याकाळच्या आत पोचा, बर्फ सुरू झाला की वाट नाही.

वरून एक म्हातारा चालत येत होता, डोक्याला लोकरीची टोपी, हातात कुऱ्हाड. त्यानं गाडीच्या खाली वाकून बघितलं, मग मागच्या काचेतून आत बघितलं, आणि हिंदीत म्हणाला की मागून चालणारी गाडी मागं रिकामी ठेवून कोण वर आणतं? दगड भरा. रस्त्याच्या कडेला एका पडलेल्या भिंतीचे दगड होते, ते त्यानं दाखवले. आणि चढाला थांबू नका, हळू चालवा, ब्रेक दाबू नका, एवढं सांगून तो आपल्या वाटेनं गेला.

हिलालनं कपाळावर हात मारून घेतला. सुरतेच्या चिखलात जे तो जगाला शिकवत होता, ते इथं परक्या माणसानं त्याला सांगावं. निंबानं दगड उचलायला सुरुवात केली. दोन दगड दारापाशी आणून ठेवले. हिलालनं मागचं दार उघडलं आणि तो तिथंच थांबला.

आत गादी. धुतलेली गोधडी. उशीवर गोपाळच्या डोक्याचा खोलगट ठसा अजून होता. त्या गादीवर दगड ठेवायचे म्हणजे काय म्हणून ठेवायचे? बहीण विचारणार, पोराला कुठं झोपवशील? गादी काढून कडेला ठेवावी, तर ती भिजेल. पुढं ठेवावी, तर जागा नाही. दगड हातात धरून हिलाल नुसता उभा राहिला. निंबा मागं तिसरा दगड घेऊन उभा.

प्रमिलाबाई आतच बसली होती. तिनं गोधडीची घडी घातली. उशी उचलून मांडीवर घेतली.

"ठेव दगड, भाऊ," ती म्हणाली. "त्याले आते गादी कसाले जोयजे?"

हिलालनं उजवा कान पुढं केला. ऐकू आलं होतं, तरी केला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोणी नही. रंजनानी चूल पेटनी नव्हती." तिनं पदरात गुंडाळलेली भाकर दाखवली, वाळून कडक झालेली. "ही इंदूना हातनी भाकर शे. पहिला घासलेच माले समजनं."

तर असं होतं ते. दुखवटा असला, मढं उठलेलं नसलं, की घरची चूल पेटत नाही. शेजारीण भाकर आणून देते. रंजनाला खोटं बोलायला जमलं, पण चूल पेटवायला हात धजावला नाही. तिनं शेजारच्या इंदुबाईकडून भाकरी करून घेतल्या, आणि इंदुबाईची भाकर काठाला जाड, ते सगळ्या चाळीला ठाऊक. खोटं सांगताना रीत पाळली, आणि रीतीनंच खरं सांगून टाकलं.

हिलालनं विचारलं, मग एवढ्या वाटेत बोलली का नाहीस?

ती म्हणाली, तू गाडी चालवत होतास.

मग दगड भरले. गादीवरच भरले, मागच्या चाकांच्या बरोबर वर. निंबा, तोंडाळ निंबा, रडत होता आणि दगड आणत होता. प्रमिलाबाई दगडांच्या मागं, दाराला पाठ लावून बसली. हिलालनं दुसरा गिअर टाकला, पायाच्या नुसत्या अंगठ्यानं दाबावी तशी अलगद रेस दिली. चाक एकदा गरगरलं, मग धरलं. गाडी ढिगातून सुटून वर निघाली. वळणावळणाला मागचा भाग सुटू पाहत होता, पण सुटला नाही. आणि या सबंध चढावर हिलाल गाडीशी बोलत होता, अहिराणीत, सावकाश, लहान पोराला झोपवावं तसं.

बर्फाचे पहिले कण पडायला लागले तेव्हा ते दवाखान्याच्या दारात पोचले.

आईनं मुलाचं तोंड बघितलं. त्याबद्दल काय सांगायचं. थंडीनं चेहरा काही बिघडला नव्हता. मामाची मफलर गळ्यात होती. तिनं ती नीट केली, जशी शाळेत पाठवताना करायची.

वर सरपण ओलं होतं, आणि बर्फ वाढत होता. गावातले लोक म्हणाले, खाली नदीकाठी कोरडी लाकडं मिळतील, आत्ताच उतरा. त्यांनीच हात लावला. हिलालनं आणि निंबानं दगड एकेक करून बाहेर काढले, गादी झटकली, आणि गोपाळला तिच्यावर झोपवलं. गादी शेवटी ज्याची होती त्याच्याच अंगाखाली आली.

उतार हा चढापेक्षा वाईट, हे बैलगाडीवाल्यालाही कळतं. पण त्या सबंध उतारावर गाडीनं एकदाही शेपूट हलवलं नाही. गोपाळ अंगानं भरलेला होता, आणि तो मागच्या चाकांच्या बरोबर वर होता. हे हिलालच्या ध्यानात आलं ते अर्ध्या वाटेवर. त्यानं गाडी थांबवली नाही, थांबायचं नव्हतं. नुसते डोळे वाहत राहिले आणि वायपर काचेवरचा बर्फ पुसत राहिला.

नदीकाठी मामानं भाच्याला अग्नी दिला. पाण्याचं मडकं फोडायला दगड लागतो. काठावर गोटे खूप होते, पण प्रमिलाबाईनं व्हॅनमधून एक आणला. दगड काढताना एक लहानसा, मुठीएवढा, गादीच्या कडेला राहून गेला होता. त्यानंच मडकं फोडलं. तोच जीवखडा म्हणून बांधून घेतला, दहाव्याला तापीत सोडायला.

परतीला बर्फ संपला, डोंगर संपले, मोकळा सरळ रस्ता लागला. निंबानं पुढं सीट रिकामी करून दिली. हिलालनं तिला विनवलं की आक्का, आता पुढं बस, मागं पत्रा लागतो, गार वारा येतो. ती मागंच बसली. गादीही नव्हती, ती चितेबरोबर गेली होती. मांडीवर अस्थींचं गाठोडं आणि जीवखडा.

चंडीगढच्या पुढं एका ढाब्यावर त्यानं पुन्हा म्हणून बघितलं. रस्ता कोरडा आहे, ऊन आहे, आता घसरत नाही.

"मांगे वजन राहू दे, भाऊ," ती म्हणाली.

हिलालनं दार लावलं. सुरतेपर्यंत तो सावकाश चालवत आला, आणि कोरड्या रस्त्यावरही त्यानं कुठं जोरात ब्रेक मारला नाही.