कळलाव्यांच्या तीन गोळ्या

अकरा वर्षांची ओळख, पण आमच्या औषधवाल्यांचे पाय मी कधी पाहिले नाहीत. ते कायम काउंटरच्या पलीकडे, मी अलीकडे. माझ्या पायाचा सुजलेला अंगठा मात्र त्यांनी काउंटरवरून वाकून इतक्यांदा पाहिला होता, की गर्दीतही ओळखला असता. त्यांना भावंडं किती, घरी कोण, मी कधी विचारलं नाही. संकोच वाटायचा. तेव्हा हे लिहितोय ते अर्ध्याच माणसाबद्दल, कमरेच्या वरच्या.

गल्लीत त्यांना कळलावे म्हणत. चिठ्ठी दिली की ते चष्मा लावत, मग प्रश्न विचारत आणि शंका आली की थेट डॉक्टरांना फोन लावत. डॉक्टर-पेशंटमध्ये कळ लावणारा माणूस, म्हणून कळलावे. त्यांना राग नव्हता. "माझ्या नावाची वेल असते," ते सांगत. "लाल-पिवळी, ज्वाळांसारखी फुलं. तिच्या बियांतून तुमच्या गाऊटची गोळी निघते. नाव कळलावी आणि काम कळ घालवायचं!"

माझा गाऊट, म्हणजे अंगठ्याचा संधिवात, जुना, आणि गोळी घ्यायची रीत त्याहून जुनी. तरुणपणी एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर दोन तासांनी एक, दुखणं थांबेपर्यंत, नाहीतर पोट बिघडेपर्यंत. मी घड्याळं दुरुस्त करणारा. दोन तास म्हणजे दोन तास. अंगठा आणि पोट यांची शर्यत लागायची आणि दर वेळी पोट जिंकायचं. कळलाव्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"घड्याळकाका, ही गोळी औषध आणि विष यांच्या मधल्या कुंपणावर बसलीय. तिला ढकलू नका. आधी दोन, तासाभराने एक. झालं. चौथी मागितलीत तर ओळख देणार नाही."

तेव्हापासून अंगठा पेटला की माझ्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर ते मोजून तीनच गोळ्या कागदाच्या पुडीत देत आणि विचारत, "आणखी काय घेता?"

मागच्या हिवाळ्यात सकाळी अशी पुडी नेली, तिन्ही गोळ्या घेतल्या. खोकला आधीपासून होताच, म्हणून संध्याकाळी कोपऱ्यावरच्या नव्या दवाखान्यात गेलो. तिथली चिठ्ठी घेऊन कळलाव्यांकडे आलो. बरोबर आमची ही होती.

त्यांनी चिठ्ठी वाचली आणि खाली ठेवली. "सकाळच्या घेतल्यात?"

"तिन्ही."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही. खोकला छातीत, गोळी पायाला. मधे अख्खा मी आहे."

"त्या अख्ख्याचीच काळजी आहे," ते म्हणाले. "सकाळची गोळी शरीर एका दाराने बाहेर काढतं. खोकल्याची ही गोळी ते दार लावून घेते. मग आतली साठत जाते. माणसं दगावलीत यात, काका."

ही म्हणाली, "फोन लावा की! बघताय काय?"

डॉक्टरांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. चढलेला. "हो, कळलावेच बोलतोय," ते शांतपणे म्हणाले आणि सकाळच्या गोळीचं नाव सांगितलं. मग हळू आवाजात दुसरं औषध सांगण्यात आलं. कळलाव्यांनी ते लिहून घेतलं, आभार मानले.

बाहेर पडल्यावर ही म्हणाली, "भांडण लावावं तर असं."

उन्हाळ्यात दुकान बंद दिसलं. बहिणीकडे राहायला गेले म्हणे. म्हणजे बहीण होती.

त्याआधी पंधरा दिवस मी शेवटचा गेलो होतो. शेवटचा, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी पुडी बांधली.

"आणखी काय घेता?"

"काही नाही. चहा."

"किती?"

"आधी दोन कप, तासाभराने एक."

"झालं," ते म्हणाले. "चौथा नको."