भेंडीचं टोक

ओल्या कोटांचा वास, त्यावर उदबत्तीचा, आणि या दोन्हींच्या खालून, जमिनीलगत सरकत येणारा हिंगाचा... दार ढकललं की कांतिभाईंच्या दुकानात हे तीन वास याच क्रमाने भेटत, आणि मग डाव्या हाताला, दाराच्या फटीतून येणाऱ्या गार वाऱ्यात, भाज्यांचे क्रेट मांडलेले असत. त्यांतल्या भेंडीच्या क्रेटसमोर माझी आई उभी आहे. तिच्या कोटाच्या खांद्यांवर पावसाचे थेंब तसेच शाबूत आहेत, डोकं किंचित कललेलं आहे, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने ती एकेका भेंडीचं टोक मागे वाकवते आहे. टक्... बारीक, कोरडा, स्वच्छ आवाज. मोडली की पिशवीत. नुसती वाकली की परत क्रेटमध्ये. आईचा चेहरा मला आता पटकन आठवत नाही. आधी हा आवाज आठवावा लागतो, मग त्याच्या मागून चेहरा येतो.

कार्डिफला आम्ही आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबा युनिव्हर्सिटीत शिकवत आणि आई हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासत असे. आठवडाभर घरात सुपरमार्केटची भाजी येई – धुतलेली, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली, कशालाच वास नसलेली. शनिवारी सकाळी मात्र लंडनहून कांतिभाईंचा माल उतरे, आणि आम्ही तिघं, एकसारख्या दिसणाऱ्या दगडी घरांच्या रांगांमधून, छपरांवर ओरडणाऱ्या सीगलखालून, त्यांच्या दुकानात जात असू. ते शनिवार माझ्या मनात एकात एक मिसळून गेले आहेत, वेगवेगळे काढता येत नाहीत. मेथीच्या जुड्यांना चिकटलेली लाल माती, कुठल्या देशाची कोण जाणे... फ्रीझरच्या काचेवर साचलेलं धुकं, ज्यावर मी बोटाने मराठी अक्षरं काढत असे... तांदळाच्या गोण्यांची थप्पी, जिच्यावर बसून पुस्तक वाचायची मला मुभा होती.

भेंडीच्या क्रेटवर कांतिभाईंनी एक पुठ्ठा टांगला होता. टोकं मोडू नयेत, अशी विनंती त्यावर आधी इंग्रजीत आणि खाली गुजरातीत लिहिलेली होती. आपल्याला गुजराती वाचता येत नाही असं आई सांगे, आणि इंग्रजीतली विनंती इंग्रजांसाठी असावी असं धरून चाले. मोडलेली भेंडी दुपारपर्यंत टोकाशी काळी पडते आणि मग ती कोणी घेत नाही, ही कांतिभाईंची तक्रार खरी होती, पण ते रागावत नसत. गल्ल्यामागून नुसते विचारत, "बेन, हॉस्पिटल में पेशंट को भी ऐसे तोडके देखते हो क्या?"

"पेशंट जून निकला तो भी लेना पडता है, कांतिभाई," आई वर न बघता म्हणे. 'जून' हा शब्द त्यांना तिनेच शिकवला होता. पुढेपुढे ते तो स्वतःच्या गुडघ्यांबद्दल वापरू लागले.

दुकानाच्या मागच्या बाजूला कांतिभाईंच्या पत्नीचा, हंसाबेनचा, काउंटर होता. वर मुंबईच्या स्ट्रीट फूडची पाटी, आणि पाटीखाली मुंबई कधीच न पाहिलेल्या हंसाबेन. त्या युगांडात जन्मल्या, लहानपणीच इकडे आल्या, आणि पाणीपुरी लेस्टरच्या मावशीकडून शिकल्या. त्यांचं पाणी गोड असे. आमची आई ठाण्याची. पहिल्याच पुरीला तिने भुवया उंचावल्या, आणि मग कित्येक शनिवार काळं मीठ, पुदिना, मिरची यांवरून त्या दोघींचं भांडण मी ऐकलं. हे पाणी नव्हे, सरबत आहे, असं आईने त्यांना सांगितलं. तुमच्या ठाण्याचं पाणी पिऊन इथले लोक थेट तुमच्याच हॉस्पिटलात येतील, असं हंसाबेननी तिला सांगितलं. शेवटी तह झाला. मोठ्या पातेल्यात सगळ्यांचं पाणी, आणि बाजूला एका छोट्या स्टीलच्या डब्यात 'बेनचं पाणी' – हिरवंकाळं, नाकात झणझणणारं. आई डाव्या हातात कागदी वाटी धरून, किंचित पुढे वाकून, अख्खी पुरी एका घासात खाई. तिच्या डोळ्यांच्या कडांना पाणी येई आणि ती ते पुसत नसे. रस्त्यावर उभं राहून खाताना डोळे पुसायचे नसतात, असं ती म्हणे... आम्ही अर्थातच दुकानाच्या आत उभे असू. रस्त्यावर वेल्सचा पाऊस असे.

मी दहा वर्षांची झाले त्या वर्षी, पानं गळायला लागली त्या सुमारास, भेंडी जून येऊ लागली. आई टोक वाकवी, ते नुसतं वाके, आणि ती भेंडी परत ठेवी. एक शनिवार, मग पुढचा, मग त्यापुढचा. क्रेटच्या तळापर्यंत हात घालून ती शोधी आणि रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये टाकी. घरी आम्ही फरसबी खाल्ली, कोबी खाल्ला. कार्डिफला हल्ली चांगला माल पाठवत नाहीत, असं आई म्हणू लागली. बाबांना ते लगेच पटलं, कारण भाजीतलं त्यांना काही कळत नसे. एकदा तर ते आम्हांला गाडीने न्यूपोर्टच्या दुकानात घेऊन गेले. तिथलीही भेंडी जून निघाली. त्याच दिवसांत आईचा उजवा अंगठा दमू लागला होता. दिवसभर पिपेट दाबून लॅबमध्ये सगळ्यांनाच तसं होतं म्हणे. कोटाची बटणं, बरणीचं झाकण, दाराची किल्ली ही कामं न बोलता बाबांकडे गेली होती. दोन गोष्टी आमच्या घरात अशा शेजारीशेजारी पडून होत्या, आणि त्या कोणी जोडल्या नाहीत. जोडण्यासारखं त्यांत होतं तरी काय? एक किरकोळ दुखणं होतं, आणि एक भाजी होती.

कांतिभाईंना मात्र ते लागलं होतं. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ते गल्ला सोडून उठले, आतून एक न उघडलेलं खोकं घेऊन आले, आईसमोर त्याची पट्टी कापली आणि स्वतः एक भेंडी उचलून तिचं टोक मोडलं. टक्. मग आणखी एक. मग आणखी एक.

"आज सुबह का माल है, बेन," ते म्हणाले. त्यात मस्करी नव्हती. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

आईने एक भेंडी घेतली. अंगठा टेकवला, दाबला. नख पांढरं झालं. टोक जेमतेम हललं, आणि तिचा अंगठाच बाजूला घसरला. ती हातातल्या भेंडीकडे बघत राहिली, मग तिने ती खोक्यात परत ठेवली आणि म्हणाली, "ऊपर ऊपर का अच्छा होता है." गल्ल्यापाशी कोणीतरी थांबलं होतं, कांतिभाई तिकडे गेले. बाबा डाळींच्या रांगेत होते. मी गोण्यांवरून उतरले, खोक्यापाशी आले आणि आईने ठेवलेली तीच भेंडी उचलून मोडली. टक्... मला काहीच जोर लावावा लागला नाही. मान वर केली तेव्हा आई माझ्याकडे बघत होती.

"जून आहे ना गं?" तिने विचारलं.

मोडलेलं टोक माझ्या मुठीत होतं. "हो," मी म्हटलं.

"मग राहू दे. चल, पाणीपुरी खाऊ."

त्या दिवशी तिने वाटी काउंटरवर ठेवली आणि पुरी डाव्या हाताने उचलली. हंसाबेन थबकल्या. "आज उलटा हाथ, बेन?" आईने त्यांना सांगितलं की सुलटा हात रजेवर गेला आहे. दोघी हसल्या. माझ्या मुठीत भेंडीचं टोक चिकट होत होतं, आणि ते कुठे टाकावं मला कळत नव्हतं. काय झालं आहे ते मला ठाऊक नव्हतं. काहीतरी झालं आहे, एवढंच ठाऊक होतं. आणि तेवढं तिलाही ठाऊक होतं.

त्याला नाव मिळालं पुढच्या वसंतात. मोटर न्यूरॉनचा आजार. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी मरत जातात, आधी हात, मग बाकीचं, उपाय नाही. बाबांनी मला ते स्वयंपाकघरात सांगितलं, थांबत थांबत, हातातला टीटॉवेल पिळत. आई समोर बसून बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला तिच्या तळव्याचा उंचवटा तोवर पार खचला होता, तिथे एक लहानशी खळगी झाली होती.

शनिवार आम्ही चुकवले नाहीत. व्हीलचेअर आत यावी म्हणून कांतिभाईंनी तांदळाच्या गोण्या मागे नेल्या, आणि माझी बसायची जागा गेली. तसंही मी आता आईच्या खुर्चीजवळ असे. तिची पारख आता कानांत आली होती. मी मोडायची, ती ऐकायची. "ही घे... ही घे... ही नको, हिचा आवाज ओला आहे." तिचे शब्द एकमेकांवर घसरू लागले होते, पण भेंडीच्या बाबतीत तिचं कधी चुकलं नाही. अशाच एका शनिवारी माझ्या लक्षात आलं, की क्रेटवरचा पुठ्ठा नाही. खिळ्याला नुसता दोरा लोंबत होता. आईनेही पाहिलं. "कांतिभाई," ती सावकाश, एकेक अक्षर लावत म्हणाली, "अब तोडने में मजा नहीं."

"नया लिखना है, बेन," ते बिलाच्या यंत्रातल्या कागदाचं रीळ बदलत म्हणाले. "टाइम ही नहीं मिलता."

नवा पुठ्ठा त्यांनी लिहिला नाही.

मग गळ्याची पाळी आली. पाण्यासारखं पातळ काहीही गिळताना ते श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. त्यासाठी हॉस्पिटलने एक पांढरी पूड दिली होती, ती घालून चहा, पाणी, सूप, सगळं दाट करायचं. आम्ही तिघं शेवटचं दुकानात गेलो तेव्हा आईचं बोलणं थांबलेलं होतं. डोळे मिटले की हो, वर केले की नाही. काउंटरपाशी आल्यावर ती त्या छोट्या डब्याकडे पाहू लागली आणि पाहतच राहिली. बाबांनी कोटाच्या खिशातून पुडीची डबी काढली. हंसाबेननी वाटीत थोडं पाणी ओतलं, आणि बाबा त्यात पूड घालून चमच्याने ढवळू लागले, मन लावून, गुठळी राहू नये म्हणून कडेने फिरवत... ते हिरवंकाळं, झणझणतं पाणी हळूहळू दाट झालं, मग चकचकीत झालं, मग खळीसारखं चमच्याला लोंबू लागलं. वास तेवढा तोच राहिला. आईने डोळे वर केले. बाबांनी चमचा पुढे नेला. तिने पुन्हा डोळे वर केले.

"अगं, चव तीच आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्या वाक्याच्या शेवटापर्यंत पोचला नाही.

हंसाबेन काउंटरमागून बाहेर आल्या. पुदिन्याचं एक पान त्यांनी डब्यात बुडवलं, झटकून निथळू दिलं आणि आईच्या जिभेवर ठेवलं. आईने डोळे मिटले. कडांना पाणी आलं, पूर्वी येई तसंच. जिभेवर पान कधी ठेवतात, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही, त्या वयात. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. हंसाबेननी ते पान अलगद परत काढून घेतलं, ओढणीने आईची हनुवटी टिपली आणि विचारलं, "मीठुं बराबर छे ने, बेन?" आईचे डोळे मिटलेलेच होते. ते हो होतं, असं आम्ही धरलं.

ती फेब्रुवारीत गेली. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. नंतर एका शनिवारी बाबा एकटेच जाऊन भेंडी घेऊन आले. इतकी वर्षं ते शेजारच्या रांगेत डाळी घेत असत. टोक मोडून बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांनी ती धुतली, पुसली, चिरली, आई घालायची तशी आमसुलं घालून परतली. ती जून होती, खरोखरची जून, नुसत्या दोरांची... आमच्या घरात अशी भेंडी पहिल्यांदाच आली होती. आम्ही दोघं समोरासमोर बसून ते दोर चावत राहिलो, आणि ताटांच्या कडेला चोथा साठत गेला. बाबांनी विचारलं, "बरी झालीये का गं?" मी हो म्हटलं.

बाबाही गेल्या वर्षी गेले. घर विकण्याच्या कामासाठी मी कार्डिफला जाते तेव्हा त्या दुकानातही जाऊन येते. कांतिभाई आणि हंसाबेन आता तिथे नाहीत. मालक नवे आहेत, तरुण आहेत, मला ओळखत नाहीत. मागच्या काउंटरवर खूप उजेड असतो, आणि पाणी छोट्या प्लॅस्टिकच्या पेल्यांत वेगवेगळ्या रंगांचं मिळतं. एकदा प्यायले. गोड होतं.

भेंडी मात्र अजून सुटीच मिळते. हा आजार बहुतेक घरांत आईकडून मुलांकडे जात नाही, असं डॉक्टरांनी तेव्हा बाबांना सांगितलं होतं. 'बहुतेक' या शब्दाबद्दल मी पुढे कधी कोणाला काही विचारलं नाही. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाची आहे. लंडनमध्ये राहते, आणि दर शनिवारी, जवळच्या कुठल्यातरी दुकानात, क्रेटसमोर उभी राहते. एक भेंडी उचलते, उजव्या हाताचा अंगठा तिच्या टोकाला टेकवते. ती कोवळी आहे की जून, हे मला बघायचं नसतं. डोकं किंचित कलतं करून मी दाबते... टक्. तेवढं ऐकलं की ती भेंडी पिशवीत टाकते, आणि पुढच्या शनिवारपर्यंत तो विषय माझ्यापुरता मिटतो.