वाइनच्या बागेला पाजलेलं पाणी

संगमनेरजवळच्या आमच्या मळ्यात वीस वर्षं खायची द्राक्षं पिकवली, मग वाइनची लावली. पहिल्या तोडणीआधी वाइनरीच्या बाई माल पाहायला येणार होत्या. पाहुणे यायचे म्हटल्यावर मी सवयीने दोन दिवस आधी बागेला भरपूर पाणी सोडलं. मणी टरारून फुगले.

बाईंनी एक मणी खाल्ला, बीसुद्धा चावून पाहिली. मग रसाचा थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर टाकून ते यंत्र डोळ्याला लावलं.

"काका, साखर उतरलीय. पाणी दिलंत?"

"थोडंसं."

"थोडंसं न्हाई, ताई," मागून बायको म्हणाली. "माझ्या वडलांनासुद्धा एवढं पाणी कधी विचारलं न्हाई यांनी."

"असा माल मला नेता येणार नाही," बाई म्हणाल्या. "आता पाणी बंद. मणी बारीक होऊन गोडी चढली, तरच घेईन."

मोठ्या मण्यासाठी जन्मभर शाबासकी घेतलेल्या मी ठिबक बंद केलं. आठवड्याने मणी मलूल झाले. बाग सुधारतेय की मरतेय, कळेना. घाबरून बाईंना फोटो पाठवला.

"सुंदर. परवा तपासून तोडू," उत्तर आलं.

फोटो मी पुन्हा मोठा करून पाहिला. त्यात सुंदर काय होतं, ते बायकोलाही सापडलं नाही.