एकवीस बिननाकाचे मोदक

आमच्या ह्यांचे जपानी साहेब सुट्टीवरून परत आले आणि ह्यांच्या हातात एक खोकं दिलं, तिथनं सगळं सुरू झालं. नाहीतर माझी काय हिंमत होती गणपतीला फसवायची.

लग्न होऊन मी कुवेतमध्ये फहाहीलला आले तेव्हा पोरगी पोटात होती, आणि ही गोष्ट झाली तेव्हा ती अडीच वर्षांची. हे रिफायनरीत टेक्निशियन. मी सिन्नरकडची, नववीला दोनदा बसले आणि मग घरच्यांनीच म्हणलं बास. आमच्या आसपास राहणाऱ्या मराठी बायका सगळ्या इंजिनियरांच्या. कुणी बीएस्सी, कुणी बीकॉम, एक तर डबल ग्रॅज्युएट. त्यांच्यात बसलं की मी नुसती हसायची. काही विचारलं की "हो ना" म्हणायचं, म्हणजे पुढचं विचारत नाहीत.

तर ते खोकं. वरचा कागदच इतका सुंदर, बारीक फुलाफुलांचा, की तो फाटू नये म्हणून चिकटपट्ट्या सोडवण्यात माझा अर्धा तास गेला. तो कागद मी गादीखाली इस्त्रीला घातला. आत चोवीस पांढरे गोळे, एकेक वेगळ्या पिशवीत, वर पावडर लावलेली. मला वाटलं साबण. पोरीने एक दाबला, तो दबला आणि परत वर आला, ती खिदळायला लागली.

ह्यांनी एक तोंडात टाकला. चावतायत, चावतायत, संपेचना.

"काय आहे हो?"

"डाळ," ते म्हणाले. "गोड डाळ आहे आत."

"काहीतरीच."

"अगं पुरण आहे. लाल पुरण. खाऊन बघ."

मी खाल्ला. वरनं तांदळाच्या उकडीसारखं, पण रबरासारखं ताणलं जाणारं, आणि आत खरंच काळपट लाल पुरण. वेलची नाही, जायफळ नाही. बिचाऱ्यांना माहीत नसेल, म्हणलं. पण चांगलं होतं. पोरीनेही एक खाल्ला. राहिले एकवीस. हे मी तेव्हा मोजलं नव्हतं. ते पुढं मोजलं.

गणपती जवळ आलेले. आमच्यात सगळ्यात मोठ्या म्हणजे पुण्याच्या काकू, त्यांच्याकडे दीड दिवसाचा बसायचा. गुपचूप आपला, पडदे लावून, टाळ हळू वाजवायचे. काकू म्हणजे कडक. कांदा-लसूण नाही, बाहेरचा पाव नाही, अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरतील. त्यांनी फोन करून सगळ्यांना कामं वाटली. मला म्हणाल्या, "तू उकडीचे मोदक आण. एकवीस. नैवेद्याचे."

आता आमच्याकडे मोदक तळतात. कणकेचे. उकडीचे मी लग्नाआधी डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नव्हते. पण तोंडातनं काय निघालं?

"हो ना."

चतुर्थीच्या दिवशी सकाळपासून मी उकड काढत होते. पहिली कच्ची. दुसरी गुठळ्यांची. तिसरीची पारी केली तर बोटाला चिकटून आली, मोदकाला सात कळ्या काढायच्या तर माझ्याच्याने दोन निघाल्या आणि खालून सारण बाहेर. कोपऱ्यावरच्या बकाल्यातनं, म्हणजे आमच्या किराणावाल्याकडनं, दोनदा तांदळाचं पीठ आणलं, तिसऱ्यांदा गेले तर तो मल्याळी मला म्हणतो, "चेची, घर में शादी है क्या?" चेची म्हणजे त्यांच्यात ताई. पाच वाजले. सातला आरती. पोरगी पिठात बसलेली. मी ओट्यापाशी उभी राहून रडले, खरंच.

आणि मग ते खोकं दिसलं.

तेव्हा मोजले. बरोब्बर एकवीस. आता तुम्हीच सांगा, बावीस असते किंवा एकोणीस असते तर मी नसतं केलं. एकवीस म्हणजे देवानेच मोजून ठेवल्यासारखं. मी हात ओला करून एकेकाची पावडर पुसली, तूप लावलं आणि वरनं चिमटीत धरून नाक काढलं. छान निघालं. दुसऱ्याचं काढेपर्यंत पहिल्याचं आत गेलं. दुसऱ्याचं काढलं, तेही गेलं. एकवीस नाकं काढली आणि एकवीस नाकं गेली. शेवटी प्रत्येकावर केशराची एक काडी ठेवली, केळीचं पान नव्हतं म्हणून स्टीलच्या डब्यात कोबीचं पान घातलं, आणि निघाले.

नैवेद्य दाखवला, आरती झाली. मी डोळे मिटून मनात एकच म्हणत होते, बाप्पा, आत्ता काही बोलू नकोस. प्रसाद वाटला. सगळ्या बायका चावायला लागल्या. काकूंनी घास घेतला, थांबल्या, परत चावला.

"काय गं पारी! इतकी मऊ! आणि सारण कसलं हे? नारळ नाही."

"चवळीचं," माझ्या तोंडातनं गेलं. "आमच्या गावाकडं करतात."

"चवळीचं! बघा, ह्या पोरी बोलत नाहीत, पण हाताला चव आहे. नाक मात्र बसलंय हो."

"गाडीत बसलं," मी म्हणलं.

पोरगी माझा पदर ओढून मोठ्यांदा सांगत होती, "आई, खोक्यातलं! खोक्यातलं!" मी तिच्या तोंडात पेढा कोंबला.

इथवर निभलं असतं. पण डबल ग्रॅज्युएट वहिनींनी विषय काढला. सगळ्यांचे नवरे त्या जपान्यांच्या हाताखाली, त्यामुळे ते काय खातात हा आमच्यात नेहमीचाच विषय. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या गोडातसुद्धा भरवसा नसतो हं. अंडं नाहीतर चरबी, काहीतरी असतंच."

"शी! मी तर बोट लावणार नाही," काकू म्हणाल्या, आणि डब्यातला दुसरा उचलला.

मी घरी कशी आले मला आठवत नाही. देवाला अंडं दाखवलं. काकूंना चरबी खायला घातली, तेसुद्धा दोन-दोन. ह्यांना विचारलं, "त्या गोळ्यात अंडं होतं का हो?"

"मला काय माहीत. मी मेलो का?"

"साहेबांना विचारा ना."

"वेडी का? साहेबाने दिलेलं खायचं असतं. त्यात काय घातलं होतं विचारलं तर त्याला काय वाटेल!"

खोक्यावर सगळं जपानी. मी ते उलटंसुलटं धरून बघितलं. इंग्रजी असतं तरी मला कितीसं कळणार होतं, पण अंडं हा शब्द मी इंग्रजीत ओळखते. तोही नव्हता.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अनंत चतुर्दशीला सत्यनारायण घालतेय. तुझे ते चवळीचे मोदक, एकावन्न आण. आणि हो, आधी एकदा इकडे येऊन जा. बोलायचंय."

बोलायचंय म्हणजे काय? त्यांना कळलं. आता सगळ्यांसमोर मला विचारणार, आणि परत कुठल्याच घरी मला कुंकवालासुद्धा बोलावणार नाहीत. ते एक वेळ सोसलं असतं. पण काकूंना बाटवलं असेल तर?

मी ठरवलं, विचारायचंच. साहेबांची बायको मागच्याच गल्लीत राहायची. बकाल्यात दिसायची, बारीकशी, टोपी घातलेली, कुणी बघितलं की वाकायची. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून सकाळी कणकेचे मोदक तळले, माझे, नीट नाकाचे. एका हाताला पोरगी, दुसऱ्या हाताला डबा, आणि काखेत ते रिकामं खोकं.

तिने दार उघडलं आणि वाकली. मीही वाकले. ती परत वाकली. पोरगीसुद्धा वाकली. आत बसवलं. मी खोकं पुढं केलं आणि म्हणलं, "धिस. एग? एग?"

तिने नाकासमोर हात हलवला, माशी हाकलतात तसा. मला वाटलं, वास येतोय म्हणते, म्हणजे चरबी. मी आणखी घाबरले. "एग!" म्हणलं मोठ्यांदा. तिचा चेहरा एकदम उजळला. आत गेली आणि फ्रिजमधनं दोन अंडी घेऊन आली, दोन्ही हातांत धरून, मान झुकवून मला दिली.

आता काय करू? खोक्यात अंडं आहे का विचारायला गेलेली मी, हातात अंडी घेऊन उभी. परत द्यावीत तर तिला वाईट वाटेल. मी थॅंक्यू म्हणून ती पर्समध्ये ठेवली. आणि मग सगळी लाज सोडून काखेत हात घालून कोंबडी झाले. क्वक क्वक केलं, खोक्याकडे बोट केलं, आणि मान हलवून विचारलं, आहे का नाही? पोरगी टाळ्या वाजवायला लागली. ती बाई आधी घाबरून भिंतीला टेकली, मग तोंडावर हात धरून इतकी हसली की खालीच बसली. मग उठून मला स्वयंपाकघरात नेलं. तांदळाचं पीठ दाखवलं. साखर दाखवली. आणि एका पिशवीतनं मूठभर दाणे माझ्या ओंजळीत ओतले, बारीक, लाल.

"कोंबडी?" मी परत पंख हलवले. तिने परत तसाच नाकासमोर हात हलवला. तेव्हा कळलं, ह्यांचं 'नाही' असं असतं.

मी ते दाणे बघितले. हुबेहूब आपली लाल चवळी. मी काकूंना फारसं खोटं बोललेच नव्हते! मला तिथंच रडू फुटलं, ती परत घाबरली, मग मी हसले, मग तिने माझा तळलेला मोदक खाल्ला आणि डोळे मिटून दोनदा मान हलवली.

तिथनं मी तडक काकूंकडे. दार उघडल्याबरोबर काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून घेतलं. फडताळातनं, साबुदाण्याच्या डब्यामागनं, त्यांनी एक खोकं काढलं. तोच कागद. फुलाफुलांचा.

"आमच्याकडेही आलंय," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांकडे आलंय. तो माणूस गावाहून आला की हाताखालच्या सगळ्या फॅमिलीवाल्यांना सारखंच देतो. मी उघडलंच नव्हतं. त्या दिवशी तुम्ही सगळ्या गेल्यावर उघडलं." त्यांनी दाराची कडी परत एकदा बघितली. मी काकूंना तसं कधी पाहिलं नव्हतं. "मी दोन खाल्लेत गं. तीन दिवस देवाला शिवले नाही. फोनवर विचारायची लाज वाटली, म्हणून एकावन्न मोदकांचं निमित्त काढलं. खरं सांग, अंडं आहे का त्यात?"

"नाही काकू! तांदूळ, साखर आणि चवळी. मी आत्ता साहेबांच्या बायकोला विचारून आले."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. "नक्की?"

"शप्पथ. आणि काकू... मला उकडीचे येत नाहीत. आमच्याकडे तळतात."

"मग तेव्हाच सांगायचं नाही होय? 'हो ना' म्हणे!" त्यांनी कपाळावर हात मारला, मग खोक्यातला एक गोळा घेतला आणि शांतपणे चावत राहिल्या. बराच वेळ चावला. "चतुर्दशीला एकावन्न तळणीचे आण. नाकासकट. आणि वहिनींना ह्यातलं काही सांगू नकोस, तिने तीन खाल्लेत."

पोरीने माझी पर्स उघडली होती. "आजी, हे बघ!"

काकूंनी बघितलं. मी बघितलं.

"ही काय आहेत?"

"अंडी," मी म्हणलं. "तिने दिली. नाही म्हणता येईना."

काकूंनी नुसतं दाराकडे बोट केलं. ती अंडी मी बाहेर चपलांपाशी ठेवली आणि आत येऊन हात धुतले, तीनदा. आतनं काकूंच्या हसण्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी ह्यांच्या ताटात आम्लेट वाढलं.

"अंडी कुठनं आणलीस?"

"तुमच्या साहेबांच्या घरनं."

ह्यांचा घास हातातच राहिला.