दहा नंबरची बोट

"मॅडम, तुमची बोट कुठेच नाही," गस्ती बोटीवरून वायरलेस आला. "फक्त एक आकाशी-पांढरी दिसली, नंबर दहा. खलाशी झेंडा हलवत होते. मॅचच्या नादातली पोरं, सोडून दिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच ती बोट! मुश्ताक तांडेलची. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. इंजिन बंद, आत पाणी शिरतंय, एवढा निरोप सकाळी देऊन तिचा वायरलेस गप्प झाला होता. वर पाच माणसं.

मी तेव्हा आगरदांड्याजवळच्या एका बंदरावर मासेमारी परवाना अधिकारी होते. प्रत्येक राज्याच्या बोटींचा रंग ठरलेला असतो आणि पुढच्या टोकाला रजिस्ट्रेशन नंबर. समुद्रात बोट ओळखायची ती याच दोन गोष्टींवरून. पण फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला आणि बंदरात दोन तट पडले, अर्जेंटिना आणि ब्राझील. मुश्ताकने बोट अर्जेंटिनासारखी आकाशी-पांढरी केली आणि रजिस्ट्रेशन नंबरावर लाडक्या खेळाडूचा दहा आकडा फासला. त्याला खिजवायला ब्राझीलवाल्या जनार्दन तांडेलने आपली पिवळीधमक केली. ब्राझील हरून घरी गेलं तरी त्याचा रंग उतरला नाही.

मी नोटीस काढली, तर मुश्ताक हसला. "फायनल होऊ दे ना मॅडम, मग मारतो जुन्या रंगाचे दोन हात."

साहेब म्हणाले, "पब्लिकचा मूड आहे. थोडं ॲडजस्ट करा."

मी केलं.

आता गस्ती बोट फार पुढे गेली होती. तिला मागे फिरायला सांगितलं, तोवर जेट्टीवरचा जनार्दन म्हणाला, "मी जातो. लांबून वळखीन तिला. महिनाभर शिव्या घातल्यात."

दुपारी तो बोट ओढून घेऊन आला. पाचही जण जिवंत होते. मुश्ताकचे ओठ फुटले होते.

"मॅडम, आम्ही झेंडा हलवला, बोंबललो. त्यांनी पण हात हलवला न् गेले!"

मी आधी पाणी दिलं, मग तोंड सोडलं. रंग खरवडायला दोघांच्याही हातात पत्रा दिला.

"माझी कशाला?" जनार्दन चिडला. "मी तर वाचवलं!"

"उद्या तुला कोण शोधणार?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फाइल मागवली. नोटिशीवर शेरा होता, 'फायनलपर्यंत थांबावे.' खाली सही माझी. साहेब जे बोलले ते तोंडी होतं. तेव्हापासून 'ॲडजस्ट करा' म्हणणाऱ्याला मी आधी पेन देते. अजून एकानेही सही केलेली नाही.